सोलापूरच्या उन्हात बाटलीतलं जंगल कसं जगतं?

मोबाइलवर ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. कुणीतरी काचेच्या बरणीत चिमट्याने शेवाळ बसवतं, एक इवलासा नेचा खोचतं, वरून फवारा मारतं, झाकण लावतं आणि म्हणतं, आता वर्षभर पाणी घालू नका. पाठोपाठ मटारच्या दाण्याएवढं फूल आलेलं ऑर्किड दिसतं. इथला माणूस ते मार्च-एप्रिलमध्ये पाहतो, ऑनलाइन मागवतो, टीव्हीशेजारी ठेवतो. मे उजाडेपर्यंत आत चहाचा चोथा झालेला असतो. मग ठरलेलं वाक्य येतं, "आपल्या सोलापुरात असलं काही जगत नाही ओ."

अर्धं जगतं. कुठलं अर्धं आणि का, हे कळायला हवा, पाणी आणि काच या तिघांचा हिशोब समजला पाहिजे. सगळं एका वाक्यात मावतं. काचेच्या पेटीत दमटपणा कोंडता येतो, गारवा कोंडता येत नाही. ज्यांचे पैसे आणि झाडं गेली त्यांतल्या बहुतेकांनी, माझ्यासकट, या दोन गोष्टी एकच धरल्या होत्या.

आधी तीन शब्द

टेरॅरियम म्हणजे माती आणि झाडं असलेली काचेची पेटी किंवा बरणी. फिशटँकमधलं पाणी काढून जंगल भरलं की टेरॅरियम. मी पुढे नुसतं पेटी म्हणेन.

नेचा म्हणजे फर्न. याला फूल नाही, बीही नाही. पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा येतात, त्यात बीजाणू म्हणजे धुळीसारखे कण असतात. कीड पडली म्हणून बरेच जण ही पानं कापतात. नका कापू, ते नेच्याचं पुढच्या पिढीचं सामान आहे. बीजाणूतून आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो. त्यावर नराच्या पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जातात, तेव्हा कुठे नवा नेचा जन्मतो. ज्याचं लग्नच पाण्यात लागतं त्याला ओल लागणारच.

ऑर्किड, मराठीत आमरी, हे फुलझाडांचं प्रचंड मोठं घराणं आहे. त्यातली बरीच मंडळी झाडांच्या फांद्यांवर राहतात, आणि काही आपल्या करंगळीच्या नखापेक्षा मोठी होत नाहीत. पेटीत लावतात ती ही छोटी आमरी.

विहिरीच्या आतली भिंत

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला पाच हजारांहून जास्त. तरीही आपल्या भागात नेचे आपणहून उगवतात. कुठे, ते आठवा. शेतातल्या जुन्या दगडी विहिरीत डोकावलं की आतल्या भिंतीच्या सांध्यांतून हिरवी पानं लोंबताना दिसतात. काळ्या चकचकीत देठाचा हंसराज असतो, लांब पट्ट्यांसारख्या पानांचा टेरिस असतो. विहिरीच्या काठावर बोराटी आणि घाणेरी, आणि दहा फूट खाली कोकणातली झाडं!

फरक हवेचा आहे. विहिरीच्या तळाशी पाणी असतं, त्याची वाफ वर येते आणि चारी बाजूंनी भिंत असल्यामुळे वारा ती उडवून नेत नाही. दुपारचं ऊनही तासाभरापुरतंच आत शिरतं. टेरॅरियम म्हणजे टेबलावर ठेवलेली विहीर. व्हिडिओवाल्यांनी काही नवं शोधलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याकडे जमत नाही" म्हणणाऱ्यांच्या आजोळच्या मळ्यातही हे उदाहरण असतं.

अर्धा चमचा पाणी

हवामानाच्या बातमीत "सापेक्ष आर्द्रता २० टक्के" असं ऐकतो. हवा किती पाणी धरू शकते आणि प्रत्यक्षात किती धरून आहे, याचं हे प्रमाण. गोम अशी की हवा तापली की तिची धरण्याची ताकद वाढते. २० अंशांना एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५० च्या वर. पंगतीत जसा काहींचा हात पुढच्या लाडवासाठी सतत ताटावर असतो, तशी मे महिन्यातल्या दुपारची आपली हवा असते. तिच्याकडे दहाएक ग्रॅम पाणी असतं आणि आणखी चाळिसाची जागा रिकामी. राहिलेलं ती मिळेल तिथून ओढते. वाळत घातलेल्या चादरीतून ओढते, आपल्या ओठांतून ओढते, झाडाच्या पानातून ओढते. नेच्याचं पान टिश्यू पेपरइतकं पातळ. त्याची कड आधी तपकिरी होते आणि मग पान चुरचुरतं.

आता माझी पेटी घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण पंच्याऐंशी लिटर. ३० अंशांना एवढी हवा पूर्ण दमट करायला किती पाणी लागेल? अडीच ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा! खोलीची हवा दमट करायला ह्युमिडिफायर रात्रंदिवस घरघरत ठेवावा लागतो, पेटीचं काम अर्ध्या चमच्यात होतं. म्हणून बंद पेटीला महिनोन्‌महिने पाणी लागत नाही. मातीतलं पाणी पानातून वाफ होऊन बाहेर येतं, काचेवर थेंब धरतं आणि ओघळून परत मातीत जातं. दमटपणाचा प्रश्न इथे संपला. तो खरं तर फार स्वस्तात सुटतो.

मात्र झाकण उघडं ठेवलंत की हा अर्धा चमचा काही मिनिटांत खोलीच्या मालकीचा होतो. उघड्या तोंडाच्या काचेच्या भांड्यात नेचे लावून "टेरॅरियम" म्हणून भेट देण्याची हल्ली टूम आहे. सोलापूरपुरतं बोलायचं तर ती काचेची कुंडी आहे, त्यापलीकडे काही नाही. तिच्यात कोरफडीच्या जातीचं काहीतरी लावा.

माठ बाहेर घाम गाळतो, बरणी आत

खरी अडचण इथून सुरू होते, आणि माझी फजितीही इथलीच.

पहिला प्रयोग मी आईच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत केला होता. तीनदा धुऊनही मोहरीचा वास जात नव्हता. आत हंसराजाचं एक रोप, थोडं शेवाळ, दोन खडे. झाडाला ऊन पाहिजे एवढंच ज्ञान असल्यामुळे पूर्वेच्या खिडकीत ठेवली. म्हटलं, सकाळचं कोवळं ऊन आहे. मार्चचा शेवट होता. साडेनऊला सहज म्हणून आत थर्मामीटर घातला तर ४९! खोलीत तेव्हा एकतीस होते. संध्याकाळी झाकण उघडलं तर कुकरमधून मेथी काढल्यावर येतो तसा वास आला. हंसराज काळा पडून काचेला चिकटला होता. तो वाळला नव्हता, शिजला होता. आई एवढंच म्हणाली, "बरणी परत दे, कैऱ्या आल्यात."

काय झालं होतं? सात रस्ता चौकात उन्हात तासभर लावलेल्या गाडीत बसून पाहा. प्रकाश काचेतून सहज आत जातो, सीटवर पडतो आणि उष्णता होतो. तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते. बरणीचं तेच. म्हणून पेटीचा पहिला नियम सोपा आहे. थेट ऊन दहा मिनिटंसुद्धा नाही, कोवळंही नाही.

ठीक, उन्हातून उचलून सावलीत ठेवली. तरी मे महिन्यात आपल्या खोल्या दुपारी पस्तिशी ओलांडतात आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो. पेटी आपणहून खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, आतला दिवा चालू असेल तर दोन-तीन अंश जास्तच असते. "पण आत एवढी ओल आहे, मग गार नको का?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, कारण ओल म्हणजे गारवा हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. माठ गार, वाळ्याचा पडदा गार, कूलर गार.

माठ गार का होतो? त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जातं आणि उडताना माठाची उष्णता सोबत नेतं. उडून जाणं महत्त्वाचं. म्हणून सोलापूरचा माठ मुंबईच्या माठापेक्षा गार असतो. बरणीच्या आत हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते. तिथे काही उडत नाही, त्यामुळे काही गारही होत नाही. झाडाचं पान हाही एक माठच आहे. ते घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं. बंद पेटीत त्याचा घामच वाळत नाही. दादरला उतरलेल्या सोलापूरकराला हे शास्त्र समजावून सांगावं लागत नाही. तिथले चौतीस अंश आपल्या चाळीसपेक्षा जड जातात, ते याच कारणाने.

दिवस एकवेळ निभतो, रात्र निभत नाही. झाड दिवसा प्रकाशात साखर कमावतं आणि रात्रंदिवस श्वासोच्छ्वासात खर्च करतं. जितकी गरमी तितका खर्च जास्त. ढगांत बुडालेल्या थंड डोंगरावरच्या झाडाला रात्री बारा-पंधरा अंशांची सवय असते. त्याला आपल्या तीस अंशांच्या रात्री ठेवलं तर कमाईपेक्षा खर्च मोठा होतो आणि ते साठवलेलं खाऊन महिन्या-दोन महिन्यांत संपतं. पाणी कमी पडलं असेल म्हणून मालक आणखी पाणी घालतो आणि शेवट लवकर आणतो.

बंद बाटलीत झाडं गुदमरत नाहीत?

नाही. प्रकाशात झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. रात्री झाड आणि मातीतले जीवजंतू मिळून उलटा व्यवहार करतात. गळलेलं पान कुजतं, त्यातूनही कार्बन डायऑक्साइड परत येतो. घरातल्या घरात उसनवारी चालते.

हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं ते एका डॉक्टरच्या. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्डला अंगणात नेचे लावायचे होते, पण कोळशाच्या धुराने ते मरत. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा एक कोश पाहण्यासाठी ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला, आणि त्या मातीतून आपोआप एक नेचा आणि गवताचं पातं उगवलं. बाहेर मरणारा नेचा बाटलीत जगला! पुढे १८३३ मध्ये त्याने अशा बंद काचपेट्यांतून रोपं बोटीने सिडनीला पाठवली. महिनोन्‌महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यातून ती जिवंत पोहोचली. चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती याच पेट्यांतून. आपल्या हातातला कप त्या बाटलीचा थोडासा ऋणी आहे. (जुन्या मिलच्या धुराड्यांच्या काळात आपल्या गावातल्या कुणी असा प्रयोग केला असता तर त्यालाही हेच सापडलं असतं, असं मला उगीच वाटतं.)

नेच्याचं एक, ऑर्किडचं भलतंच

इथपर्यंतचं सगळं नेच्याला लागू आहे. ऑर्किड घातलं की पूर्णबंद बाटलीचं गणित बिघडतं.

फांदीवर राहणारं ऑर्किड बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस पितं. ऑर्किड नुसतं फांदीवर बसतं, भाडेकरूसारखं, आणि अन्नपाणी स्वतःचं स्वतः मिळवतं. अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. त्याचं मूळ जवळून पाहा. कोरडं असताना पांढरट-रुपेरी दिसतं. फवारा मारा, काही सेकंदांत हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं वेष्टण असतं, ते पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. फांदीवर पाऊस येतो आणि जातो, वारा लगेच सुकवतो. हा स्पंज बनलाय तो झटपट भिजून झटपट वाळण्यासाठी. सतत ओला राहिला तर दोन-तीन आठवड्यांत मूळ तपकिरी होतं आणि बोटांत धरलं की साल निसटून आत दोरा उरतो.

म्हणजे नेच्याला पाय ओले हवेत, ऑर्किडला भिजून वाळलेले. एकाच खोलीत एकाला पंखा पाच वर हवा आणि दुसऱ्याला बंद, तसलं हे प्रकरण. तोड अशी की तळमजला नेच्यांना द्यायचा आणि वरचा मजला ऑर्किडना. ऑर्किड मातीत लावायचंच नाही. लाकडाच्या किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यावर तंगूसने बांधायचं आणि पेटीच्या वरच्या भागात टांगायचं. तिथे पाच व्होल्टचा एक छोटा पंखा मोबाइलच्या चार्जरवर हळू फिरवायचा. तो आतलीच हवा आतल्या आत हलवतो, दमटपणा बाहेर जात नाही. फवारल्यावर दोनेक तासांत मुळं पुन्हा रुपेरी झाली पाहिजेत. नाही झाली तर पंखा वाढवा किंवा पाणी कमी करा.

मग आणायचं काय?

सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, एसी रात्रभर चालत नाही असं धरून सांगतो.

नेच्यांमध्ये लेमन बटन फर्न सगळ्यात सोसणारा आहे. हंसराज सुंदर, पण एकदा वाळला की रुसतो. दमटपणा टिकवता येत असेल तरच. सेलाजिनेला हा खरा नेचा नव्हे, नेच्यांचा दूरचा नातेवाईक, पण जमीन झाकायला त्याच्यासारखा गालिचा नाही.

ऑर्किडमध्ये पहिल्यांदा लुडिसिया आणा. हे अपवादाने मातीत वाढणारं आहे, आग्नेय आशियातलं. गडद तांबूस मखमली पान, त्यावर तांब्याच्या तारेसारख्या रेघा. फूल साधंच, पाहायचं ते पान. कांडी तोडून लावली तरी जगतं. फांदीवरल्यांपैकी शोएनॉर्किस फ्रॅग्रान्स हे थायलंड-म्यानमारकडचं, दोन बोटांच्या पेरात मावणारं आणि गरमी सहन करणारं. बल्बोफायलम या सुमारे दोन हजार जातींच्या कुळातल्या सखल, उष्ण प्रदेशातल्या छोट्या जातीही चालतात. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "मुळात किती उंचीवरचं आहे?" उत्तर देता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

मॅस्डेव्हालिया, लेपँथिस, ड्रॅक्युला या नावांना हात लावू नका. व्हिडिओंत सर्वांत मोहात पाडतात त्या याच. पण ही अँडीज पर्वतातल्या ढगांत राहणारी मंडळी आहेत आणि त्यांना थंड रात्र लागते. ड्रॅक्युलाच्या एका जातीचं फूल हुबेहूब माकडाच्या तोंडासारखं दिसतं, आणि त्याच्या "बियांची पाकिटं" ऑनलाइन शे-दीडशे रुपयांना मिळतात. ती सरळ फसवणूक आहे. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अंकुराला पुरेल असा शिधाच नसतो. निसर्गात एक बुरशी त्याला भरवते. हे नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखलं. १९२२ मध्ये लुईस नडसन याने निर्जंतुक बाटलीत साखरेच्या जेलीवर बुरशीशिवाय बी उगवून दाखवलं, आणि आजच्या प्रयोगशाळेतल्या रोपांचा धंदा त्यावर उभा आहे. कुंडीत पेरून ते उगवत नाही. पाकिटातून उगवलंच काही, तर बहुधा राजगिऱ्यासारखं तण.

"आंबोलीला गेलो की फांदीवरून एक काढून आणतो, फुकटात काम." हेही ऐकलंय. जंगलातून झाड उपटणं कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हा एक भाग. रानातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात अख्खं ऑर्किड घराणं संरक्षित यादीत आहे, हा दुसरा. आणि तिसरा अगदी रोकडा. सह्याद्रीतली बरीच छोटी आमरी पावसाळ्यात वाढतात आणि बाकीचे महिने पानं टाकून सुकलेल्या कंदांवर झोप काढतात. बारमाही ओल्या पेटीत त्यांना झोपच मिळत नाही आणि ती कुजतात. ज्यांना आपल्याकडचंच ऑर्किड हवं त्यांनी रोपवाटिकेतून रास्ना आणावी. ती पानझडी रानातली, कोरडेपणा जाणणारी, आंब्याच्या फांदीवर खुशाल वाढते. तिला पेटीची गरजही नाही.

पेटी भरताना

मी ज्या दुकानातून पेटी आणली तिथल्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "काका, ही गळती आहे, मासे नाही राहायचे." निम्म्या किमतीत मिळाली. मासे कुणाला ठेवायचेत?

तळाशी दोन इंच भाजलेल्या मातीचे गोळे किंवा विटांचे बारीक तुकडे. वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. त्यावर दोन-तीन इंच मिश्रण, नारळाच्या सोडणाचे चुरे, कोकोपीट म्हणजे त्याच सोडणाचा भुसा, थोडी जाड वाळू, थोडा लोणारी कोळसा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात मीठ असतं. तळाचा दगडांचा थर कुंडीत निचरा सुधारत नाही, हे खरं आहे, आणि जाणकार त्यावरून वाद घालतात. पण पेटीला भोक नसतं. जास्तीचं पाणी मुळांपासून दूर साठायला काहीतरी तळघर हवं, त्यासाठी तो. काचेतून त्यात किती पाणी आहे ते दिसतं, हा आणखी फायदा.

काळी माती घालू नका. ज्वारीला सोनं आहे, पण बंद पेटीत ती चिकट होऊन मुळांची हवा तोडते. शेणखत घालू का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. बिलकुल नाही. बंद जागेत ते कुजेल, बुरशी येईल, आणि वास येईल तो वेगळाच. या झाडांना खत लागतं ते औषधाच्या मात्रेइतकं. ऑर्किडचं विरघळणारं खत लेबलावरच्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, महिन्यातून एकदा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीला, नळाला, गीझरला जो पांढरा थर बसतो तोच इथे काचेवर आणि ऑर्किडच्या मुळांवर बसतो. उघड्या कुंडीत पाणी खालून वाहून जातं, सोबत क्षारही. पेटीत पाणी वाफ होऊन फिरत राहतं आणि क्षार मागे उरतात, दर वेळी थोडे थोडे. म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम. गच्चीवर पहिल्या एक-दोन सरी वाहू द्या, मग टोप लावा, पाच-सहा झाकणबंद कॅन वर्षाला पुरतात. नाही तर आरओचं पाणी, पण मशीन चव येण्यासाठी क्षार परत मिसळत नाही ना ते पाहा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, सगळे क्षार त्याच्यातच असतात.

प्रकाशाला पंधरा-वीस वॅटचा पांढरा एलईडी दिवा काचेच्या झाकणावर, दिवसाला अकरा तास, टायमरवर. महिन्याला पाच ते सात युनिटं. उन्हाळ्यात हे अकरा तास रात्री द्या. संध्याकाळी सातला लावून सकाळी सहाला बंद. दिव्याची गरमी आणि दुपारची गरमी एकमेकींवर पडत नाहीत. झाडांना आपलं घड्याळ माहीत नसतं.

पहिल्या पंधरा दिवसांत लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी येते आणि माणसं घाबरून सगळं उपसतात. थांबा. ती लाकडातली साखर संपली की आपोआप जाते. हिरव्या पानावर चढली तरच ते पान काढा. कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे करडे किडे चार-सहा सोडलेत तर सफाईचं काम कायमचं मिटतं.

डास होतील का?

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, घरोघर पिंपं भरलेली असतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. डासाच्या मादीला आत शिरायला वाट आणि उघडं पाणी, दोन्ही लागतं. बंद पेटीत वाट नाही, आणि तळाचं पाणी दगड-जाळीखाली असतं. खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पाणी साठत असेल तर ते मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून ट्रे घासा. हे पुढच्या युक्तीसाठी लागेल.

मे महिना

पेटीला सुरुवात करायची तर जुलैत करा. पाऊस पडलेला असतो, हवा स्वतःच दमट असते, खोली सत्तावीस-अठ्ठावीसवर येते. पुढे गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांपर्यंत, जानेवारीपर्यंत, सहा-सात महिने झाडांना मुळं धरायला मिळतात. फेब्रुवारीनंतर आणलेलं रोप परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेत घातल्यासारखं.

उन्हाळ्यात पेटी उचलून घरातल्या सगळ्यात खालच्या, मधल्या खोलीत. जमिनीजवळ, कारण गरम हवा वर जाते. आणि मग माठाची युक्ती बरणीवर चालवायची. आत काही उडत नाही, ठीक आहे, बाहेर तर उडतं! मी पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांवर सोलापुरी टॉवेल ओला करून चिकटवतो. टॉवेलाची खालची कड पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये बुडलेली, म्हणजे तो वातीसारखा पाणी वर ओढत राहतो. समोर टेबलफॅन. वायरी आणि चार्जर मात्र वरच्या बाजूने, टॉवेलापासून लांब. बाहेरची कोरडी हवा, जी एरवी आपली दुष्मन, तीच काचेवरची उष्णता घेऊन जाते. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओली वस्तू हिशोबाने बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. माझ्या पेटीत तेवढं होत नाही, टॉवेल आणि आतली हवा यांच्यामध्ये जाड काच आहे. गेल्या मेमध्ये दुपारी तीनला खोलीत सदतीस असताना आत तेहतीस होते. लुडिसियाला तेवढं चालतं. मॅस्डेव्हालियाला चाललं नसतं.

रोज सकाळी फक्त समोरची काच पाहायची. सकाळी तिच्यावर धुकं आणि दुपारपर्यंत ती स्वच्छ, हे बरोबर. दिवसभर थेंब ओघळत असतील तर पाणी जास्त झालंय, झाकणाखाली आगपेटीची काडी अडकवून दोन दिवस फट ठेवा. धुकं धरतच नसेल तर दोन-तीन फवारे. टॉवेल लावल्यापासून आमच्या पेटीत मागच्या काचेवर जास्त धुकं धरतं, कारण ती बाजू गार असते, आणि हंसराजाचं नवं पान, अजून मुठीसारखं मिटलेलं, त्याच काचेला टेकून वर निघालंय.